वाकडं अंगण

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून आपण नाचणाऱ्याला हसतो. आमच्या धंद्यात हे बरोबर उलटं आहे. आमच्याकडे कुणाला नाचता आलं नाही तर अंगणच वाकडं समजायचं, आणि ते ज्याने आखलं त्याने मान खाली घालायची. मी व्हिडिओ गेमच्या लेव्हल बनवते. खेळणारा कुठून शिरेल, कुठे उडी मारेल, कुठे दचकेल आणि कुठे त्याला वाटेल की ही वाट आपणच शोधून काढली, हे सगळं आधी ठरवून ठेवणारी बाई म्हणजे मी. सात वर्षं हेच करते आहे. नवीन आलेल्या पोरांना ही म्हण उलटी करून मीच शिकवते, तीही मोठ्या ऐटीत. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी नाचणारीला हसले. नाचणारी माझी आई होती.

आमचं ऑफिस मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे. खाली पुठ्ठ्याचे खोके बनतात, वर आम्ही बारा जण गेम बनवतो. या गेमची कल्पना माझी. मालवणकडच्या काही गावांत गावपळण असते. दर काही वर्षांनी अख्खं गाव गुराढोरांसकट घरं सोडतं आणि तीन दिवस वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतं. मागे गावात चिटपाखरू नसतं. आमच्या गेममधल्या मुलीचं कुत्र्याचं पिल्लू घरी राहून जातं आणि ती दिवेलागणीला चोरून गावात परत येते. आमचा मुख्य सुबोध हे ऐकून खुर्चीतून उठलाच होता. मी त्याला म्हटलं होतं, "हे माझ्या रक्तातच आहे रे." जन्मापासून कांजूरमार्गला राहते मी. गावाला उभ्या आयुष्यात चारदा गेले असेन, त्यातही एकदा तापाने पडून होते.

पहिली लेव्हल माझी होती. मुलगी रचलेल्या दगडांच्या गडग्यावरून उडी मारून आवारात येते, विहिरीला वळसा घालते, अंगणात पोचते, अंगणातल्या तुळशीवृंदावनावर चढते, तिथून मागच्या भिंतीवर, भिंतीवरून कौलांवर. वृंदावनात एक पणती तेवत ठेवली होती. काळोखात माणूस उजेडाकडे जातो, हा आमचा पहिला धडा. बाण काढून दाखवायचे नाहीत, पाटी लावायची नाही. उजेड ठेवायचा, पाय आपोआप येतात.

लेव्हल पक्की करण्याआधी आमच्याकडे एक रीत आहे. ज्याने जन्मात कंट्रोलर हातात धरलेला नाही, असा एक माणूस आणायचा आणि त्याला खेळायला बसवायचं. असा माणूस जपून वापरावा लागतो, कारण कोणीही एकदाच नवखा असतो. दुसऱ्यांदा बसला की त्याला वाट ठाऊक असते, मग त्याचा उपयोग नाही. लेव्हल बनवणाऱ्याने त्याच्या पाठीमागे बसायचं, दोन्ही हात मांडीखाली घालून, तोंड गच्च मिटून. काही सुचवायचं नाही, हूं की चूं करायचं नाही. स्क्रीनवरचं सगळं आणि दाबलेलं प्रत्येक बटण आपोआप रेकॉर्ड होत असतं. खेळ संपला की दोनच प्रश्न विचारायचे: काय करायला निघाला होतात, आणि मनात काय आलं? नवखा माणूस एका जागी दहा मिनिटांवर अडकला तर लेव्हल परत दुरुस्तीला जाते.

त्या आठवड्यात दुरुस्तीला जाणं मला परवडणारं नव्हतं. शुक्रवारी पब्लिशरची, म्हणजे पैसे घालून गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीची, माणसं यायची होती. त्यांना सगळ्यात आधी दाखवायला माझी लेव्हल ठरली होती, आणि ती अडकली तर रुचिराची, म्हणजे आमच्या दुसऱ्या डिझायनरची, तयारच होती. दोन वर्षं मी या एका शुक्रवारची वाट बघत होते.

मंगळवारी माझा ठरलेला नवखा टेस्टर आलाच नाही. आई नेमकी एका गिऱ्हाइकाला मालवणी मसाला द्यायला अंधेरीत आली होती. मी फोन करून तिला बोलावून घेतलं. ती पिशवी सांभाळत आली, चपला दाराबाहेर काढायला लागली, तेव्हाच मला उगाच अवघडल्यासारखं झालं. "असू दे गं, चल आत," मी तिला दटावलं.

सुरुवात तिने झकास केली. गडगा दुसऱ्या उडीत पार, विहिरीला वळसा बरोबर. माझ्यामागे सुबोध, रुचिरा, चित्रं करणारा अल्पेश आणि आणखी एक जण उभे होते, आणि मी मनात म्हणत होते, बघा, माझी आई आहे.

मग ती अंगणात आली आणि थांबली.

वृंदावनापर्यंत गेली, मागे आली. भिंतीवर उड्या मारून बघितल्या, भिंत उंच. विहिरीकडे परत गेली. पुन्हा वृंदावन, पुन्हा मागे. पाच मिनिटं, सात, नऊ. रुचिराने घड्याळाकडे पाहिलं. माझे हात मांडीखाली दुखायला लागले. पणती एवढी ढणढण जळते आहे, समोर कमरेएवढी पायरी आहे, आणि हिला दिसत कसं नाही? लेव्हल जाईल याची भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला तिची लाज वाटत होती. तिच्या मसाल्याच्या वासाची, त्या पिशवीची, बटणं दाबताना पुढे येणाऱ्या तिच्या जिभेच्या टोकाचीसुद्धा. लिहितानाही हात आखडतो, पण वाटत होती.

सुबोध हळूच म्हणाला, "आंटी अटकल्या वाटतं."

आणि मी नियम मोडला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अरे सोड ना यार, तिला घरी टीव्हीचा रिमोटही कळत नाही."

सगळे हसले. मीही हसले. आईसुद्धा हसली, मागे वळून न बघता.

हे धादांत खोटं होतं. आमच्या मजल्यावर कुणाचा सेट-टॉप बॉक्स बिघडला की आईलाच बोलावतात.

चौदाव्या मिनिटाला मी तिच्या हातातून कंट्रोलर काढून घेतला. "झालं आई, बास." दोन प्रश्न विचारलेच नाहीत. फॉर्मवर लिहिलं: टेस्टर बाद. कंट्रोलर समजत नाही. कारण ज्याला कंट्रोलरच कळत नाही त्याची चौदा मिनिटं धरत नाहीत. लेव्हल वाचली. लिफ्टपाशी आईने विचारलं, "माझ्यामुळे तुझा काय वायट नाय ना झाला गो?" मी फोनमध्ये बघत म्हटलं, "नाही गं."

गुरुवारी दुपारी रुचिरा माझ्या टेबलाशी आली. "अक्षता, तुझ्या लेव्हलमध्ये बग आहे का गं? तुझ्या आईने एकाच जागी अकरा वेळा खाली बसायचं बटण दाबलंय."

"चुकून दाबलं असेल."

"अकरा वेळा? त्याच जागी?"

मी रेकॉर्डिंग लावलं. त्या दिवशी माझं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं, आता नीट बघितलं. मुलगी अंगणात येते. वृंदावनासमोर उभी राहते. खाली बसते. आमची मुलगी बसली की तिची मान थोडी झुकते, अल्पेशने ते फार छान केलं आहे. मग ती उठते, वृंदावन उजव्या हाताला ठेवून पूर्ण फेरी मारते आणि दुसरी वाट शोधायला जाते. भिंत नाही म्हणते, विहीर नाही म्हणते. ती परत येते, पुन्हा समोर बसते, मान झुकवते, उठते, फेरी मारते. दर वेळी तशीच. बसायचं बटण मी तिला दाखवलंच नव्हतं. पहिल्या लेव्हलमध्ये ते लागत नाही. ते तिने स्वतः शोधलं होतं, नमस्कार करायला.

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तेव्हा मला ते वृंदावन तिथे कसं आलं तेही आठवलं. लेव्हल आधी नुसत्या करड्या ठोकळ्यांची असते. घर म्हणजे ठोकळा, झाड म्हणजे ठोकळा, बघायची ती फक्त मापं. मुलीची उडी कमरेएवढी, म्हणून भिंतीआधी मी कमरेएवढा ठोकळा ठेवला होता. दीड महिन्याने अल्पेश रंग चढवायला बसला आणि त्याने विचारलं, "इथे या उंचीचं काय टाकू?" मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हटलं, "तुळस टाक. उंची बरोबर बसते."

जिच्या रक्तात हे सगळं होतं, तिने.

संध्याकाळी घरी आई मिरच्यांचे देठ काढत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि दोन दिवस उशिरा विचारलं, "आई, त्या दिवशी अंगणात वर जायची वाट दिसली नव्हती का तुला?"

"दिसली नाय कशी? तुळशीवरना भित, भितीवरना कौलां. दिवो लावन ठेवल्यानी हा, आंधळ्याक दिसात."

"मग?"

"मग काय? तुळशीर पाय ठेवू?"

"अगं, खेळ आहे तो."

"खेळ असा ता माका म्हायत असा. पण पाठी सगळी बघी होती. अक्षताची आवस तुळशीर पाय ठेवन चढली, असा म्हणतले. तुझी मान खाली गेली असती." तिने एक मिरची उजेडाकडे धरून बघितली आणि बाजूला टाकली. "म्हटला, रवांदे. नाय जमला तर नाय जमला. माका हसले तरी चलात."

ती आपली बोलतच होती. "कोणा मेल्यान ठेवल्यान गो ती थंय? कोण कोकणातलो नसतलो. तू सांग तेका नीट. रागावा नको, तेका ठावक नसतला. आणि गावपळणीत दिवो कोण लावतलो? भुतां?"

"मीच ठेवली, आई."

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती ओरडेल, आणि ओरडली असती तर फार बरं झालं असतं. पण तिने पुन्हा मिरची उचलली.

"चूक आमची," ती म्हणाली. "तुका गावाक जास्ती न्हेवक होया होता."

अंगण कुणाचं, वाकडं कुणी केलं, आणि मान कोण खाली घालतंय! मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. रिमोटबद्दल तिची माफी मागायची होती. पण बाहेर आले तोवर तिने ताट वाढलं होतं, आणि मी जेवले.

शुक्रवारी सकाळी मी सगळ्यांना ते रेकॉर्डिंग दाखवलं. फॉर्मवरचं "टेस्टर बाद" खोडून "लेव्हल बाद" लिहिलं. सुबोधने डोक्याला हात लावला. "आज? अगं पब्लिशर अकराला येतायत! वाट लागली." मग त्याने ती चौदा मिनिटं पूर्ण बघितली आणि रुचिराला म्हणाला, "तुझी लाव." रुचिराच्या लेव्हलचं फार कौतुक झालं. चांगलीच आहे ती.

"आणि रिमोटचं मी खोटं बोलले होते," मी म्हटलं. "आईला रिमोट येतो. सगळं येतं."

"कुठला रिमोट?" अल्पेशने विचारलं.

कुणालाच आठवत नव्हतं. माझ्या आईला हसून झालं होतं आणि ते विसरूनही झालं होतं.

दोन आठवड्यांनी लेव्हल दुरुस्त झाली. तुळस जागेवरच राहिली, पण पणती काढली. भिंतीला लागून जांभ्या चिऱ्यांची एक रास रचली, आणि झाडांच्या फटीतून चंद्राचा उजेड त्या राशीवर पाडला. मी लॅपटॉप आणि कंट्रोलर घेऊन घरी गेले. आईच्या खेळण्याचा आता ऑफिसला काही उपयोग नव्हता, नवखेपण तिचं संपलं होतं. तरी गेले.

"बघ ना आई जरा," मी म्हटलं. तिने पदराला हात पुसले आणि स्क्रीनसमोर मांडी घातली. मी सवयीने तिच्या पाठीमागे बसले, हात मांडीखाली घालून.

तिने कंट्रोलर हातात घेतला, एकदा उलटा-सुलटा करून बघितला. मग मागे वळून न बघता, अगदी सहज म्हणाली, "ह्यो रिमोटापेक्षा सोपो असा गो."

मुलगी गडग्यावरून आत आली, विहिरीला वळसा घालून अंगणात गेली. तुळशीसमोर बसून तिने मान झुकवली, उठली आणि चिऱ्यांवर चढली. पाठीमागे बसणाऱ्याने बोलायचं नसतं. त्या दिवशी मी बोलले होते. आज बोलायलाच हवं होतं, आणि मी नियम पाळत बसून राहिले.