रताळ्याचे वेल आणि तेलाचा भाव

जगात कच्च्या तेलाचा भाव कोसळला, हे शालूबाईला कळलं ते चिंतामणी सरांच्या फोनवरून. दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. ती मशीनपाशी भुशाचं पोतं उपडं करत होती आणि हात कोपरापर्यंत माखले होते, म्हणून मशीनवर राबणाऱ्या वयस्क अक्काताईनं फोन तिच्या कानाला धरला आणि स्वतःचाही कान जवळ नेला. सर जे काही बोलले ते दोघींनी मिळून ऐकलं.

"शालूबाई, पुढच्या आठवड्यापासून कांड्या पाठवू नका. तेल उतरलंय, त्याच्यामागं गॅस उतरलाय. निळा सिलिंडर आता तुमच्या कांड्यांपेक्षा स्वस्त पडतो. तिन्ही भट्ट्या काढून गॅसच्या शेगड्या बसवतोय. सोमवारी गवंडी येईल भट्ट्या फोडायला. वाईट वाटून घेऊ नका हं."

"वाईट कशाला वाटंल," शालूबाई म्हणाली, आणि तिला फार म्हणजे फार वाईट वाटलं.

वाटण्यासारखंच होतं. पिरनवाडी मागं टाकून खानापूरच्या रस्त्याला लागलं की डावीकडं जे गाव लागतं, तिथं शालूबाईच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये हे मशीन गेली चार वर्षं चालत होतं. खानापूरच्या लाकूड गिरण्यांतला भुसा, भाताचा तूस आणि शेंगांची टरफलं एकत्र करून एका तोंडानं घालायची, की दुसऱ्या तोंडानं मनगटाएवढ्या जाड जळणाच्या कांड्या बाहेर पडायच्या. लाकडापेक्षा कमी धूर, कोळशापेक्षा कमी कटकट. शालूबाई धरून सहा बायका त्यावर राबायच्या. नवरा रवळू बेळगावच्या कॅम्पात मिलिटरीच्या कँटीनमध्ये नोकरीला, त्याचं म्हणणं एवढंच असायचं, "तुझं मशीन, तू बघ." मशीनवर पिवळ्या रंगात तिचं नाव होतं. रेशन कार्ड सोडलं तर शालूबाईचं नाव जगात दुसरीकडं कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि रेशन कार्डावरचंही चुकलेलं होतं.

दोन हॉटेलं आणि एक बेकरी गेल्या महिन्यातच गळाली होती. कॅम्पातली चिंतामणी सरांची खानावळ हे शेवटचं गिऱ्हाईक. फोन बंद झाल्यावर अक्काताईनं केरसुणी उचलली. तिनं नुकतीच झाडलेली जमीन पुन्हा झाडायला घेतली.

अशी बातमी गावात लपत नाही, आणि भरमूपासून तर मुळीच नाही. भरमू म्हणजे शालूबाईचा धाकटा दीर. माणूस मायाळू, कष्टाळू, पण त्याचं शेत म्हणजे गेल्या वर्षीचा बाजारभाव. मिरची चढली की पुढच्या साली मिरची, ती पडली की कोबी, कोबी पडला की बटाटा. भाव नेहमी त्याच्या एक पाऊल पुढं आणि भरमू नेहमी धापा टाकत मागं. तासाभरात तो शेडच्या दारात हजर झाला.

"वैनी, मी निपाणीच्या परशरामाला फोन केलाय. जुनी मशीनं घेतोय त्यो. सोमवारी टेंपो घिऊन येतोय."

"इचारल्यासिवाय?"

"इचारायला येळ कुठं हाय? आज गिऱ्हाईक हाय, उद्या भंगारात बी कोन घ्यायचं न्हाय. तेल पडलंय वैनी, तेल! टीव्हीवर दाखवत्यात. आता लाकूड न्हाय, कांडी न्हाय, सगळं ग्यासवर. ह्यो धंदा संपला."

शालूबाई हात धुवायला परसात गेली. राग भरमूचा आला होता, सरांचा आला होता, आणि ज्या कुणी कुठल्या समुद्रात तेल एवढं उपसून ठेवलं होतं त्याचाही आला होता. धुण्याच्या दगडावर बसून तिनं हात खळाखळा धुतले. ते पाणी नेहमीप्रमाणं दगडाखालून वाहत रताळ्याच्या वेलांत शिरलं. शालूबाई त्या वेलांकडं बराच वेळ बघत राहिली. मग उठली, विळा घेतला, वेलाचे हातभर लांबीचे दहाबारा तुकडे कापले, त्यांची मोळी बांधली आणि लुगड्याचा पदर खोचला.

"कुठं गं शालूबाई?" अक्काताईनं विचारलं.

"कॅम्पात. सरास्नी जरा शाळा शिकवून येतो."

चिंतामणी सरांना शाळा शिकवायची म्हणजे मोठंच धाडस. एकतीस वर्षं त्यांनी बेळगावच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर आजोबांची खानावळ हाती घेतली होती. रोजचा बेत ते फळ्यावर खडूनं लिहीत, आणि महत्त्वाच्या पदार्थाखाली दोन रेघा मारत. गिऱ्हाइकांनी काही न विचारता, फळा वाचून जेवावं अशी सोय होती. पण सरांना कुणी काही विचारत नाही, हेच त्यांचं दुःख होतं.

शालूबाई पोचली तेव्हा दुपारची गर्दी ओसरली होती. मुदपाकखान्यात तिन्ही भट्ट्या अजून धगधगत होत्या आणि कोपऱ्यात नव्या शेगड्या खोक्यांत वाट बघत होत्या. तिनं मोळी बाकाखाली सरकवली आणि सरळ विचारलं.

"सर, तेल का हो उतरलं?"

सरांचा चेहरा एकदम फुलला. निवृत्तीनंतरचा हा पहिला विद्यार्थी. त्यांनी फळ्यावरची 'कटाची आमटी' हातानंच पुसली आणि एकमेकींना छेद देणाऱ्या दोन रेषा काढल्या. ही पुरवठ्याची, ही मागणीची. मधल्या काळात तेल महाग होतं, म्हणून जगभर लोकांनी नव्या विहिरी खणल्या. त्या आता एकदम वाहायला लागल्या. महाग होतं म्हणूनच लोकांनी वापर आवरला, सूर्याची वीज घेतली, विजेच्या गाड्या घेतल्या. माल वाढला, गिऱ्हाईक घटलं, भाव पडला. आचारी आतून दोनदा डोकावून गेला. आमटी संपली की काय, हे त्याला कळेना.

"बरं, आता म्होरं काय?" शालूबाई म्हणाली.

"पुढं स्वस्ताई. आता दहा वर्षं चिंता नाही."

"व्हय. रताळ्याच्या टायमाला आमचं भरमूभावजी बी असंच म्हणालतं." तिनं बाकाखालची मोळी काढून टेबलावर ठेवली. "सर, सात वर्सामागं रताळी मातीमोल झालती. मार्केट यार्डात पोती तशीच सोडून लोक मोकळ्या हातानं घरला आलती. भावजी म्हणालं, आता रताळ्यात काय राम न्हाय. सगळ्या गावानं वेल उपटलं आनि म्हशीस्नी घातलं. आता रताळ्याला बी नसतंय सर. वेल तोडायचा आनि त्योच लावायचा. वेल गेला की सगळंच गेलं."

"मग?"

"मग म्होरच्या साली लावणीच्या टायमाला पाच गावात वेल न्हाय. मला सांगा, त्या साली शिवरातीला तुमच्याकडं रताळ्याचा कीस हुता?"

सरांनी आठवून बघितलं. "नव्हता. साबुदाण्यावर भागवलं. मिळालीच नाहीत हो कुठं. लोक फार बडबडले."

"माझ्या धुण्याच्या दगडाखाली हातभर वेल राह्यलता. मी काय शानी हुतो म्हणून न्हवं, पानी जात हुतं म्हणून. त्या हातभर वेलावर गाव परत उभारलं. आता तुमचं तेल बघा. भाव पडलाय म्हटल्यावर नवी हीर कोन खणंल? जुन्या बी बुजवत्याल. आनि स्वस्त हाय म्हणून सगळी जनं दुप्पट जाळत्याल. तुमीच तीन शेगड्या आणून ठेवलाय की! मग काय हुईल?"

सरांचा खडू फळ्यापाशी थांबला. मग त्यांनी सावकाश पुरवठ्याची रेष पुसली आणि ती जरा मागं सरकवून काढली. मागणीची पुसली आणि पुढं सरकवली. दोन्ही रेषा जिथं भेटल्या ती जागा, म्हणजे भाव, पार वर, फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेल्या आजच्या तारखेच्या शेजारी जाऊन बसली.

"आनि तवर तुमची भट्टी फोडल्याली, माझं मशीन निपानीला ग्याल्यालं," शालूबाई म्हणाली. "मग इस्तू कशावर पेटवनार?"

सर बाकावर बसले. खडू अजून हातातच होता. "शालूबाई, हे मी एकतीस वर्षं शिकवलं. दर साली पेपरात दहा मार्कांना विचारलं."

"मग?"

"मग काय! घरच्या चुलीपाशी नापास झालो."

दोघंही हसली. पण सर काही भोळे नव्हते. हसणं संपल्यावर त्यांनी मुद्दा काढलाच. "तरी आज गॅस स्वस्त आहे हे खरं ना? मी तोटा सोसून कांड्या का जाळू?"

"जाळू नका की. दोन भट्ट्या फोडा. एकच राखा. भाकरीला, न्हाईतर अंघोळीच्या पान्याला. जास्त न्हाय, हातभर वेल."

सरांनी भट्ट्यांकडं बघितलं, खोक्यांकडं बघितलं आणि एक खोकं पायानं बाजूला सारलं. "हे परत पाठवतो," ते म्हणाले. शालूबाई निघाली तेव्हा त्यांनी तिला बसवून कटाची आमटी वाढली. फळ्यावरून गेली होती तरी पातेल्यात शिल्लक होती.

सोमवारी परशराम टेंपो घेऊन आला आणि चहा पिऊन रिकामाच परत गेला. भरमूचा जीव तीळतीळ तुटला. "एका भट्टीवर सा बायका जगनार हायत काय वैनी?" त्यानं विचारलं, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं. पुढचे महिने वाईट गेले. मशीन आठवड्यातून एकदाच, गुरुवारी, तेही दुपारपर्यंतच फिरायचं. गाव त्याला 'बेस्तरवारचं मशीन' म्हणायला लागलं. दोघी बायका काजूच्या कारखान्यात गेल्या, तिघी मिळेल त्या शेतावर. शालूबाई कितीदा तरी रिकाम्या शेडमध्ये उभी राहून स्वतःच्या पिवळ्या नावाकडं बघायची. पण गुरुवार उजाडला की सहाच्या सहा जणी हजर. कामाला तिघी पुरल्या असत्या. तरी कुणी घरी राहिली नाही, आणि त्यासाठी शालूबाई त्यांना जन्मभर विसरणार नव्हती.

जूनच्या सुरुवातीला फोन वाजला. हात माखलेले होते. अक्काताईनं फोन कानाला धरला.

"शालूबाई, चढलं!" सरांचा आवाज निकाल लागल्यासारखा होता. "तेल चढलं! विहिरी बंद पडल्या, खप वाढला, सगळं फळ्यावरच्यासारखं. सिलिंडर हात लावू देईना. उद्या दुप्पट माल पाठवा. आणि ऐका, समोरचा हॉटेलवाला माझी भट्टी बघायला येऊन गेला. बेकरीवाला पण. कॅम्पात गवंडी मिळेना झालाय, सगळ्यांना भट्ट्या परत बांधून हव्यात!"

अक्काताईनं फोन खाली ठेवला आणि शेडमध्ये एक गिरकी घेतली. या वयात आणि त्या अंगानं घेतलेली ती गिरकी बघण्यासारखी होती. काजूच्या कारखान्यातल्या दोघी दुसऱ्याच दिवशी परतल्या, आणि मशीन सोमवारपासून शनिवारपर्यंत गरगरू लागलं.

आठवड्याभरात भरमू आला. अंगात नवा शर्ट, हातात मोबाईल, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"वैनी, परशरामाकडं आनि पाच मशीनं हायत! एक मी घेतो, वरल्या आळीतली तिघं घेत्यात, भावकू बी घेतो म्हणालाय. कांडीला मरन न्हाय आता. रताळं, बटाटं, सगळं बंद. गावच्या गाव कांडी!"

शालूबाईला हसू आवरेना. ती इतकी हसली, की तिला भुशाच्या पोत्यावर बसावं लागलं. "आनि भावजी, रताळी कोन लावनार औंदा?"

"रताळी?" भरमू म्हणाला. "कोन न्हाय. गेल्या साली भाव पडलता की. समद्यांनी वेल..."

तो बोलता बोलता थांबला. मोबाईल हातात तसाच. सात वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच परसात तो खाली मान घालून वेल मागायला उभा राहिला होता. त्याची नजर शालूबाईवरून सरकत परसात गेली. धुण्याच्या दगडापासून कुंपणापर्यंत रताळ्याचा वेल हिरवागार पसरला होता. गुरुवार सोडून बाकीचे सहा दिवस शालूबाईला दुसरं काम तरी काय होतं?

वेल विकायचे नाहीत, मागितले की द्यायचे, ही गावाची जुनी रीत. पण मागावं तर लागतंच. भरमूनं मोबाईल खिशात घातला, नव्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "जरा वेल..."

शालूबाईनं कुडातला विळा काढून त्याच्या हातात दिला.

"कापा की, लागत्याल तेवढं कापा," ती म्हणाली. "दगडापासचा हातभर तेवढा सोडा."