बाराव्या सेकंदाला

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, बातम्यांची. माझ्या पाठीवर चिठ्ठी आहे : ‘खोकणारी रुग्ण. अकरा सेकंद.’ एवढीच माझी ओळख.

तापाच्या एका साथीत माझा जन्म झाला. कॅमेरावाल्या दादाला डॉक्टरांनी वॉर्डात पाऊल टाकू दिलं नाही. हात हलवत परत गेलो तर साहेब सोलून काढतील, या धास्तीने तो दवाखान्याच्या व्हरांड्यात घुटमळत होता. तिथे हिरव्या बाकावर एक बाई बाटलीतून पाणी पीत होती. तिला जोराचा ठसका लागला, तिने तोंडावर रुमाल धरला. झालं! दादाचं काम फत्ते.

तेव्हापासून माझी चंगळ. कुठलीही साथ आली की वरून हाक यायची, “काका, खोकणारी बाई पाठवा, पटकन!” कॅसेटी सांभाळणारे काका मला कपाटातून काढत, अकरा सेकंद झाले की मशीन बंद करत. डोळ्यांच्या साथीतसुद्धा मीच खोकले! लाल पडदा, ढोलांचा आवाज आणि मी. डॉक्टर पाणी उकळून प्यायला सांगत, ते वेळेअभावी कापलं जाई. मला कधी कोणी कापलं नाही. मी फुशारून गेले होते.

एके दुपारी तीच बाई कॅसेटींच्या खोलीत आली. केस पिकले होते. मागोमाग साहेब.

“मावशी, आम्ही तुमचं नाव कधी घेतलं का? चेहराही अर्धा झाकलेला आहे.”

“चेहरा कशाला हवा? गल्लीत माझा खोकला ओळखतात आता!” ती म्हणाली. “पाळणाघर आहे माझं. नऊ मुलं होती. तुम्ही मला दाखवता, की आया मुलं काढून नेतात. या खेपेला शेवटचंही गेलं. काल जिन्यात एक पोर ‘मावशी’ म्हणत धावली, तर आईने दंडाला धरून मागे ओढलं तिला.”

साहेब घड्याळ बघू लागले. काकांनी मुकाट्याने मला मशीनमध्ये घातलं. अकरा सेकंद झाले. सवयीने त्यांचं बोट बटणाकडे गेलं.

“थांबा. पुढे बघा ना.”

“पुढे काही नाही हो, बाई. चिठ्ठीवर अकराच लिहिलेत.”

“कधी बघितलंत?”

काकांचं बोट हवेतच राहिलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा बारावा सेकंद उजेडात आला. पडद्यावरच्या बाईने रुमाल खाली घेतला, डोळे पुसले आणि ती खळखळून हसली. “अहो दादा, ठसका लागला नुसता! आजारी नाही मी. बहीण बाळंत झालीय, तिला बघायला आलेय.”



“बरं, यापुढे नाही दाखवणार,” साहेब पुटपुटले.

“न दाखवून काय होतंय? इतकी वर्षं अर्धं दाखवलंत, आता उरलेलं दाखवा.”

त्या संध्याकाळी हवामानाच्या बातमीनंतर ते दाखवलं. ढोल नाही, लाल रंग नाही. काकांनी माझी चिठ्ठी खरवडून नवी लावली : ‘ठसका. रुग्ण नव्हे. वापरू नये.’

तेव्हापासून मी वरच्या फळीवर एकटी आहे. मला कोणी मागत नाही. मुलं परत आली का, हे मला कोण सांगणार? कपाटात बातम्या ठेवतात, येत नाहीत.

मित्रांनो, साथीची बातमी जरूर ऐका. हात धुवा, पाणी उकळा. पण पडद्यावर कोणी खोकताना दिसलं, तर हे कुठलं, कधीचं, एवढं विचारा. आणि तुमच्या जिन्यात अशी एखादी मावशी राहत असेल, तर तिचं दार वाजवा. काय झालं होतं ते तिच्याच तोंडून ऐका. घाई तेवढी करू नका.

ती फार छान हसते हो. पण बाराव्या सेकंदाला.