लाल पट्ट्याची काठी

मार्मोट हिवाळ्याच्या झोपेतून कधी उठतात, हे वाव्रोला विचारायची गरजच नसायची. तो आपणहून सांगायचा. "बर्फ वितळलं की उठतात! आमच्या आजोबांकडे घड्याळ नव्हतं, पण ते कधी चुकले नाहीत." लिएस्कोवा गावच्या गुत्त्यात हे ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते. आणि नेमकं हेच त्याला चुकीचं माहीत होतं.

एकोणीस हिवाळे तो स्कीच्या उतारावर बर्फ दाबून सपाट करायचं यंत्र चालवत होता. उताराचा खालचा तुकडा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, आणि त्याच्या पोटात मार्मोटांचं, म्हणजे मांजराएवढ्या गुबगुबीत डोंगरी खारींचं, एक कुटुंब. ऑक्टोबरात बिळाचं तोंड आतून मातीने लिंपायचं आणि सहा महिने ढाराढूर झोपायचं, असा त्यांचा संसार. कंपनीला परवानगी मिळाली ती एका अटीवर. बिळांवर मीटरभराहून जास्त बर्फ साचू द्यायचं नाही, नाहीतर उतार बंद. म्हणून तिथे काठी रोवली होती, जमिनीपासून मीटरभरावर लाल पट्टा. पट्टा दिसला पाहिजे, बस्स.

काठी वाव्रोने आणि त्याच्या लेकीने मिळून ठोकली होती. झोफ्का उद्यानाची रक्षक. खडकात काठी जाता जाईना, दोघं घामाघूम झाले. "दुसरा कोणी असता तर मी रोज येऊन मोजलं असतं," ती म्हणाली होती. "तू आहेस म्हणून निवांत."

मार्चमध्ये ऊन तापलं. राडोस्लाव, कंपनीचा व्यवस्थापक, कॉफीचा कप घेऊन उतारावर आला.

"एक मेपर्यंत उतार टिकला पाहिजे. हंगामाच्या शेवटच्या दिवसाचा तमाशा आहे, लोक येणार. वरचं बर्फ आणून खाली साठव."

"सावली एकाच जागी आहे. बिळांवर."

"मग तिथे साठव."

"पट्टा बुडेल."

"दिसला म्हणजे झालं," राडोस्लाव म्हणाला आणि कप घेऊन चालता झाला. भला माणूस, स्वतःचे हात नाही घाण केले.

वाव्रोने यंत्राला साखळी बांधून काठी उपटली, अडीच मीटर बर्फ चढवलं आणि त्यावर काठी पुन्हा खोचली. लाल पट्टा झकास दिसत होता. पेन्शनला दोन वर्षं राहिली होती. आणि झोपलेल्याचं पांघरूण जाड झालं म्हणून काय बिघडतं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

ईस्टरच्या सोमवारी रिवाजाप्रमाणे त्याने लेकीच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. ती किंचाळली, हसली, केस पिळत म्हणाली, "पट्टा?"

"दिसतोय की!"

"मलाही दुर्बिणीतून दिसला. यंदा पहिली शिट्टी मीच ऐकणार, बघ. हलुश्की तू करायच्यास."

ती सहा वर्षांची असल्यापासूनची पैज. जागे झालेल्या मार्मोटाची पहिली शिट्टी ज्याला उशिरा ऐकू येईल, त्याने हलुश्की, म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, रांधायचे.

चारच दिवसांनी समोरच्या उतारावरून शिट्टी आली. दोघांनी एकदमच ऐकली. वाव्रोने तिकडे पाहिलं. तिथे अजून गुडघाभर बर्फ होतं.

"बर्फ असताना कसे उठले गं?"

"बर्फाचा काय संबंध? त्यांची वेळ झाली की उठतात. मीटरभर तर सहज खणून येतात."

"आणि जास्त असलं तर?"

"अंगात चरबी कुठे उरलेली असते तेव्हा? मरतील बिचारे." तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. "पण जास्त कशाला असेल? तू आहेस ना!"

तेव्हाच सांगायला हवं होतं.

तो तडक राडोस्लावकडे गेला. "मी आज बर्फ काढतो."

"आठ दिवस थांब रे. झोपलेत ते."

"उठलेत!"

"आठ दिवस, वाव्रो. काढलंस तर पुढच्या हिवाळ्यात यंत्रावर दुसरा कोणी बसेल."

यंत्राची किल्ली खिशात होती हो! तासाभराचं काम होतं. वाव्रोने किल्ली चाचपली आणि घरी जाऊन जेवला. रोज सकाळी बिळांपाशी कान देऊन ऐकायचा, रोज घरी परतायचा.

एक मेला लोकांनी कोंबड्यांचे, पाद्र्यांचे वेश घालून उताराच्या पायथ्याशी साचलेल्या डबक्यात स्की मारल्या, बँड वाजला, बियर सांडली. दोन मेला झोफ्का फावडं घेऊन आली. "इथली शिट्टी नाही आली, बाबा. चल."

"दुसरीकडे गेले असतील गं."

ती काठीच्या बुडाशी खणू लागली. मीटरभर खणल्यावर काठीचं टोक उघडं पडलं. खाली माती नव्हती, नुसतं बर्फ. झोफ्का थांबली. टोकाकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि पुन्हा खणू लागली.

टोकाच्या वीतभर खाली मादी सापडली. पंजे वर, नखं रक्ताळून झिजलेली. तिच्यामागे बोगद्यात तीन पिल्लं, एकमेकांना चिकटून. झोफ्काने बोगद्यात गज सोडून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. सुमारे दीड मीटर. मीटरभराची हद्द त्या माउलीने केव्हाच ओलांडली होती.

वाव्रो म्हणाला, "मला वाटलं, बर्फ वितळलं की..."

राडोस्लाव येऊन डोकावला. "अरेरे. वाईट झालं." मग म्हणाला, "पण आता इथे मार्मोट नाहीत, म्हणजे अटही नाही. वाव्रो, ती काठी काढून टाक."

झोफ्काने चारी जीव पोत्यात ठेवले. पोतं खांद्यावर घेतलं आणि बापाकडे न बघता म्हणाली, "काढ, बाबा. तुला येते काढता."

वाव्रोने हात घातला. काठी एका हाताने निघाली.