लाकडी क्रूस आणि झोपलेलं वायफाय

गाव ज्याला 'पाद्रिनो', म्हणजे धर्मपिता, म्हणायचं त्या मांत्रिक एवेलिओने काळा लाकडी क्रूस कारिदादच्या लॅपटॉपच्या कुशीला टेकवला, त्यावर लाल रुमाल टाकला आणि खर्जात गुणगुणत कळफलक बडवायला लागला. कारिदादच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मं सान ब्लास गाव तिथे लोटलं होतं. दोन मिनिटं गेली आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं, आठवडाभर मेलेलं वायफायचं चिन्ह उजळलं.

"जिवंत झालं गं बाई!" कुणीतरी किंचाळलं. कारिदादने एवेलिओच्या हातांचे मुके घेतले.

"आत तुझा गेलेला नवरा बसलाय," एवेलिओ घाम टिपत म्हणाला. "सुनेवर रागावलाय. तिची नजर वाईट. तिचं तोंड या पडद्यावर दिसलं, की यंत्र कायमचं गेलं समज. आणि हे बंद करू नकोस. बंद केलंस की मी घातलेला प्राण उडून जाईल!"

मागे उभ्या असलेल्या नेरेइदाच्या, म्हणजे कारिदादच्या थोरल्या बहिणीच्या, कपाळाला आठी पडली. परदेशी, तांपाला गेलेल्या भाच्याने, कारिदादच्या मुलाने, हे यंत्र पाठवलं, ते आजीला तीन आठवड्यांची नात दिसावी म्हणून. आणि ती नात तर त्याच सुनेच्या मांडीवर!

"अगं, तुझा नवरा रेडिओचं बटणसुद्धा मला विचारून फिरवायचा," ती म्हणाली. "मेल्यावर एवढा हुशार कधी झाला?"

"थट्टा नको, ताई," कारिदाद रडवेली झाली. "सुनेचा, येनिसेतचा, फोन मी आता घेणारच नाही."

नेरेइदाला आठवलं. सुनेने परवाच फोनवर सांगितलं होतं, 'आई, त्यात फक्त एक फाइल कमी आहे, त्या माणसाला बोलावू नका.' कारिदादने ते भाबडेपणाने एवेलिओच्या कानावर घातलं होतं. आणि सुनेची नजर लगेच वाईट झाली होती!

दुपारी वीज गेली. म्हाताऱ्या बॅटरीने तासाभरात मान टाकली. वीज आली, लॅपटॉप सुरू झाला, वायफाय पुन्हा गपगार. एवेलिओला निरोप गेला. या खेपेला त्याने कोंबडी मागितली.

नेरेइदाने दहा वर्षं शाळेत लिनक्स या संगणकप्रणालीच्या यंत्रांवर मुलांना शिकवलं होतं. बहीण रडत बसली तेव्हा ती यंत्राची दैनंदिनी वाचत बसली. हा लॅपटॉपही लिनक्सवरच चालायचा, आणि सुरू झाल्यापासून काय काय घडलं ते लिनक्स ओळीओळीने लिहून ठेवतं. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: वायफायचं कार्ड सापडलं, कार्डाची फाइल सापडली नाही. काही कार्डांचं असंच असतं. वीज गेली की ती सगळं विसरतात. दरवेळी त्यांना फाइलमधून धडा द्यावा लागतो. पंचाईत एवढीच, की ती फाइल मिळते इंटरनेटवर! गावाचं सरकारी वायफाय उद्यानातलं; ओसरीपर्यंत ते लॅपटॉपला पोचायचं, फोनला नाही. म्हणून नेरेइदा भर उन्हात उद्यानापर्यंत चालत गेली आणि फाइल फोनमध्ये उतरवून आली. पण लगेच वापरली नाही; एवेलिओ काय करतो ते तिला आधी बघायचं होतं.

सकाळी पुन्हा गर्दी, पुन्हा क्रूस, पुन्हा चिन्ह उजळलं. एवेलिओ क्रूस खिशात घालतोय, तोच नेरेइदाने लॅपटॉप लोकांकडे वळवला.

"ऐका रे, यंत्राने काय लिहिलंय. दहा वाजून चार मिनिटं: आत काहीतरी शिरलं."

"आत्मा!" गर्दी हेलावली.

"हो, सोळा जीबीचा. दहा पाच: फाइल आली, कार्ड जागं झालं. दहा सहा: फाइल पुसली. का हो पाद्रिनो, स्वर्गातून आणलेलं लगेच पुसायचं कशाला? यंत्र बंद झालं की तुम्हालाच पुन्हा बोलवावं लागावं म्हणून?"

"नास्तिक बाई! सर्वनाश होईल!"

तिने त्याच्या खिशातला क्रूस ओढला. खालचं टोक निघून हातात आलं. आत पेनड्राइव्हची चकचकीत जीभ. मग एक म्हातारी म्हणाली, "मागे इलाजाला नेलेली माझी कोंबडी कुठाय रे?" एवेलिओने दोन-दोन पायऱ्या उतरत पळ काढला.

नेरेइदाने फोनमधली फाइल जागेवर ठेवली आणि कारिदादला म्हणाली, "आता तूच बंद कर. पुन्हा सुरू कर." कारिदादने तीनदा तसं केलं. तिन्ही वेळा वायफाय आलं.

मग पडद्यावर येनिसेत आली, मांडीवर जांभया देणारं बाळ घेऊन. यंत्राला काही झालं नाही. कारिदाद बाहीने डोळे पुसत एवढंच म्हणाली, "पोरी, चुकले मी."

गर्दीतल्या एकाने विचारलं, "बाई, पण आम्हाला हे कसं कळावं?"

"सगळं कळायलाच हवं असं नाही," नेरेइदा म्हणाली. "मलाही कळत नव्हतं, म्हणून वाचलं. प्रत्येक बिघाडाला कारण असतं. आणि इलाज करता करता जो तुम्हाला घरचं माणूस तोडायला सांगतो, त्याच्या मुठीत काय आहे ते आधी उघडून बघा."