प्रतापरावांच्या कपाटातला बटाटा

मी बोलतोय, बियाण्याचा बटाटा. भाजीचा नव्हे, तो माझा चुलतभाऊ. जहिराबादकडच्या लाल मातीत माझा जन्म. आमची पणजी एवढी थोर, की तिला गाडीत चढवताना बैल आपण होऊन खाली बसले म्हणतात. खोटं वाटतं? वाटू द्या. प्रतापरावांना तर खरंसुद्धा खोटंच वाटतं.

प्रतापराव तारनाक्याचे, कोर्टातून निवृत्त झालेले. गच्चीवर बटाटे लावायची त्यांना भारी हौस. आम्हाला पिकवणारी त्रिवेणी पिशवी घेऊन आली, तेव्हा त्यांनी आधी मला हुंगलं.

"औषध मारलेलं नाही याला पुरावा काय?"

"किड्यांनी खाल्लेली पानं आणून दाखवू का, काका?"

"आणि हे मलकपेठच्या बाजारातले भाजीचे बटाटे नाहीत कशावरून?"

आतून इंदुमतीकाकू म्हणाल्या, "मनावर घेऊ नकोस गं. अंतरपाट धरलेला असताना मला विचारलं होतं यांनी, इंदुमती तूच ना म्हणून!"

काकू आम्हाला उपासाच्या भाजीत घालतील, हा पुढचा संशय. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर शाईने नंबर टाकून प्रतापरावांनी आम्हाला लोखंडी कपाटात कोंडलं.

तीन आठवडे मिट्ट काळोख. उजेडाच्या शोधात मला लांबलचक, पांढरेफटक कोंब फुटले. कपाट उघडताच प्रतापराव गरजले, "रोगट! फसवलं!" आणि लगेच फोन काढला. गच्चीवर बाग करणाऱ्या वीस घरांनी त्रिवेणीला बियाणं सांगून ठेवलं होतं. काचीगुड्याच्या गोविंदरावांपासून सगळ्यांना निरोप गेला: घेऊ नका.

त्रिवेणी धावत आली. "काका, वीस घरं नको म्हटली तर माझं सगळं बियाणं बोंडेवाल्याच्या कढईत जाईल की हो!"

माझ्या अंगावर काटा आला.

तिने मला हातात घेतलं. "कुठं ठेवले होते?"

"सुरक्षित जागी."

"कपाटात, कुलूप लावून," काकूंनी फोड केली.

"अय्यो! आलुगड्ड्याला उजेड लागतो, काका. खिडकीपाशी, अंड्याच्या ट्रेत मांडायचं. कोंडलं की असा पांढरा पडतो." तिने माझे कोंब कडाकडा मोडले. दुखलं, पण बाई जाणती होती. "पंधरा दिवस थांबा. मग खुशाल बदनामी करा."

प्रतापराव भिंग घेऊन खिडकीपाशी पहाऱ्याला बसले. अकराव्या दिवशी माझ्या डोळ्यातून आखूड, जाडजूड, जांभळा कोंब वर आला. त्यांनी पाठीवरचा नंबर दोनदा ताडून पाहिला. मी मीच होतो.

काकूंनी फोन पुढे केला.

"गोविंदराव? हं... त्रिवेणीचं बियाणं निर्दोष आहे. दोष कपाटाचा."

"आणि कुलूप कुणाचं, तेही सांगा!" काकू फोनपाशी वाकून ओरडल्या.

प्रतापराव खाकरले. "कुलूप... माझं. घ्या तुम्ही बियाणं." मग उरलेल्या एकोणीस घरांनाही त्यांनी तेच सांगितलं.

त्रिवेणीच्या पिशव्या घरोघरी पोचल्या. मी आता गच्चीवरच्या मातीत आहे. पण प्रतापराव रोज सकाळी बोट खुपसून मी आहे ना, बघतात. तुमची ओळख असेल तर एवढं सांगा त्यांना: मी कुठेही जात नाही. मुळं धरायला फक्त थोडा एकांत हवा.