नववीचे मार्क कुणाचे

शाळेत मला सगळे शिडी म्हणत. उंची हा माझा एकमेव गुण, आणि त्याची शिक्षा म्हणून नववीत मला शेवटच्या बाकावर बसवलं. त्या वर्षी मार्क असे घसरले, की प्रगतिपुस्तक बघून आत्या आधी घोटभर पाणी प्यायली आणि मगच ते बाबांच्या हातात दिलं. दहावीत ते आणखी खाली गेले. गणितात काठावर पास, म्हणजे काठाला नखं रोवून.

बाबा चिडले की आवाज चढवत नाहीत, स्वतःचा चष्मा पुसत बसतात. त्या दिवशी त्यांनी तो बराच वेळ पुसला.

"वर्गात लक्ष कुठे असतं तुझं?"

"फळ्यावरच असतं."

"मग फळ्यावरचं वहीत का नसतं?"

फळ्याकडे मी डोळे फाडफाडून बघायचे. फळा हिरवा आणि त्यावर पांढरं काहीतरी. बाई बोलत ते मी लिहून घ्यायचे, न बोलता लिहीत ते सोडून द्यायचे. सगळ्यांना असंच दिसतं आणि तरी त्यांना जमतं, म्हणजे मीच ढ, हे मी धरून चालले होते. दुसऱ्याच्या डोळ्यांत शिरून कोण बघून येतं?

आता यातली गंमत सांगते. माझ्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे.

हसून घ्या. आमच्या आत्याने तर 'दिव्याखाली अंधार' ही म्हण त्यानंतर इतकी वापरली, की ती झिजून गेली असेल. पण हे घडलं कसं, ते ऐका. माझी आई मी अगदी लहान असतानाच गेली, त्यामुळे माझं सगळं बालपण दुकानात, तपासणीच्या टेबलाखाली. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. दिवसभर गिऱ्हाइकं एक डोळा झाकून तो मोठ्याने वाचत आणि मी खाली खेळता खेळता ऐकत असे. इतर मुलं गाणी शिकतात, मी तक्ता शिकले. दर वाढदिवसाला बाबा मला उंच खुर्चीवर बसवत, आणि मी सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा म्हणत असे. फसवणूक नव्हती हो ती. तक्ता वाचायचा म्हणजे म्हणायचा, अशीच माझी समजूत. "घारीचे डोळे आहेत पोरीचे," बाबा गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत.

दहावीनंतरच्या सुट्टीत भिंगं पुरवणारा माणूस एक नवा तक्ता देऊन गेला. बाबांनी तो टांगला आणि मला म्हणाले, "वाच बघू शेवटची ओळ." मी नेहमीचीच ओळ घडाघडा म्हटली. बाबा हसले.

"थट्टा पुरे. नीट वाच."

मी पुन्हा तेच म्हटलं. त्यांचं हसू ओसरत गेलं. त्यांनी सगळ्यात वरच्या, हाताएवढ्या अक्षरावर बोट ठेवलं. "आणि हे?" मी डोळे बारीक करून पुढे झुकले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आणखी पुढे ओढली, मग दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि माझे डोळे तपासायला बसले. नंबर काढून झाला. माझी भिंगं घासताना त्यांच्या हातून एक फुटलं. इतक्या वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं.

चष्मा लागला आणि मला जगाचा राग आला. दुकानासमोरच्या भिंतीला विटा होत्या! विटांमध्ये रेघा होत्या! हे सगळं इतकी वर्षं इथेच होतं आणि मला कुणी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात मी एका गिऱ्हाइकाचा चष्मा पोचवायला नदीपलीकडे गेले. तिथे रस्त्यालगतच वास्तुकलेचं कॉलेज आहे. त्याच्यावरून मी शंभरदा गेले असेन. मला वाटायचं, गोदाम असेल. त्या दिवशी पहिल्यांदा आत दिसलं. उंच टेबलं, त्यांवर वाकलेली मुलं, आणि एक मुलगी पट्टी धरून एक लांब रेघ ओढत होती. ती श्वास रोखून रेघ ओढत होती आणि इकडे रस्त्यावर मीही श्वास रोखून उभी होते. मला ते हवं झालं. मग पलीकडचं काहीही पोचवायचं असलं की मीच धावायचे. बाबा म्हणत, "पायांना चाकं लागली वाटतं." कॉलेजचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. माझ्या मार्कांनी तिथल्या फाटकापर्यंत जाणंसुद्धा आगाऊपणाच होता.

चष्म्याने फळा दिसतो, पण गेलेली दोन वर्षं दिसत नाहीत. अकरावीचं गणित म्हणजे वरचा मजला, आणि माझ्याकडे खालचा नव्हताच. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि गणिताच्या बाईंना विचारलं, मोकळ्या तासाला मी नववीच्या वर्गात बसू का? त्या म्हणाल्या, "बस. पण पहिल्या बाकावर." पोरं खिदळायची. "ताई नापास झाली, ताई नापास झाली!" मागच्याला माझ्या उंचीपायी फळा दिसेना, तेव्हा मी बाकावरून उतरून जमिनीवर बसले. वर्षभर तशी बसले. अकरावीत मार्क सावरले आणि बारावीत वर्गात माझ्या पुढे फक्त एक मुलगा उरला. तो मला अजून आवडत नाही.

अर्ज केला तेव्हा कॉलेजचं घरी सांगावंच लागलं. तिथे नववी ते बारावी, चारही वर्षांचे मार्क बघतात, आणि माझ्यासारखी खड्ड्यातून वर आलेली असेल तिला पालकांसह मुलाखतीला बोलावतात. आदल्या दिवशी आत्याने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"नववी-दहावीचं विचारतील. काय सांगशील?"

"जे झालं ते."

"वेडी आहेस का? चष्मेवाल्याला स्वतःच्या पोरीचे डोळे कळले नाहीत, हे गावभर झालं तर दुकानात कुत्रं फिरकेल का? तुझ्या बापाला दुसरं काय येतं?"

आत्याचं खोटं नव्हतं. मी रात्री ठरवून टाकलं. खरं कारण सांगायचं नाही. जागा गेली तर गेली. ठरवलं आणि उशीत तोंड खुपसून रडले, कारण मला ती जागा हवी होती. फार हवी होती.

मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापिका बाई शांत होत्या. अर्जासोबत जोडलेली माझी रेखाटनं त्यांनी सावकाश पाहिली. मग म्हणाल्या, "नववी आणि दहावीत काय झालं होतं?"

"अभ्यास केला नाही," मी म्हटलं. "आळस."

त्यांनी काहीतरी लिहायला पेन उचललं. माझा जीव त्या पेनात अडकला.

"ती खोटं बोलतेय," बाजूच्या खुर्चीतून बाबा म्हणाले. "तिला फळा दिसत नव्हता. मी डोळे तपासतो, तो माझा धंदा आहे. दर वर्षी तिचे तपासले आणि दर वर्षी चुकलो. ते मार्क तिचे नाहीत, माझे आहेत. माझ्या नावावर घाला."

"तसं करता येत नाही हो."

"मग वाचताना तरी तसं वाचा."

परत येताना बसमध्ये मी बाबांवर भडकले. कशाला बोललात, मी ठरवलं होतं ना! ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू किती दिवस माझं झाकणार होतीस?"

फोन आला तेव्हा दुकान भरलेलं होतं. एक आजोबा तपासणीच्या खुर्चीवर, तिघं-चौघं बाकावर. बाबा फोनवर नुसते "हो", "बरं", "हो" म्हणत होते आणि मला चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी फोन ठेवला, माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि मी काही बोलायच्या आत बाकाकडे वळले.

"माझ्या मुलीला वास्तुकलेला प्रवेश मिळाला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तो हुकणारच होता. दोन वर्षं तिला फळा दिसत नव्हता आणि मला ते कळलं नाही. मी, तिचा बाप. दुसरीकडे जायचं असेल त्यांनी खुशाल जावं."

बाकावरची एक बाई उठली, पिशवी उचलली आणि निघून गेली. बाकीचे एकमेकांकडे बघू लागले. मग आजोबांनी डोळ्यावरचा हात न काढताच म्हटलं, "माझे जरा दोनदा तपासा मग."

बाबा त्यांच्या पुढ्यात बसले. आधी त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला. ज्या जागेसाठी मी दोन वर्षं झुरले ती मला मिळाली होती, आणि त्या क्षणी मला फक्त तिथे, बाबांजवळ उभं राहायचं होतं.