झोळीखाली भरलेली पलटण

मी झोळी बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण या घडीला माझ्या पोटात गोदी झोपलीय. पाच महिन्यांची पोर, पण कान असे तिखट की परसात मांजर शिंकलं तरी डोळे उघडते. तेव्हा तुम्हीच थोडं जवळ सरका.

जन्मानं मी झोळी नव्हे. मी किटबॅग. शिपाईगड्यांच्या खांद्यावर असते ना, जाड हिरव्या कापडाची लांबुडकी पिशवी, तोंडाशी दोरी ओवलेली, तीच. मला कुठल्या गिरणीत विणलं आणि कुणी शिवलं, ते आठवत नाही. आपलं बारसं तरी कुणाला आठवतं? माझी पहिली आठवण आहे ती आकारामच्या खांद्याची.

आकाराम कऱ्हाडजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा. मोठी लढाई लागली तेव्हा पलटणीत भरती झाला आणि मला घेऊन बोटीनं इटलीला गेला. माझ्यात त्याचे कपडे, पायमोजे आणि आईनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी. चटणी समुद्रातच संपली, वास मात्र लढाई संपेपर्यंत टिकला. एकदा तपासणीला साहेबानं माझं तोंड उघडलं आणि शिंकत शिंकत पुढे गेला. त्यानंतर तो मला दुरूनच बघायचा.

तिथं आकारामचे तीन जिवाभावाचे सोबती होते. हवालदार नाथाजी वाईकडचा. मिशीला पीळ दिल्याशिवाय हुकूम सोडत नसे. तात्याबा तासगावकडचा, खेचरं हाकायचा, आणि रागावला की माणसांशीही खेचरांशी बोलावं तसाच बोलायचा. तिसरा दादासो, सांगलीजवळचा. त्याला पोटापलीकडे चिंता नव्हती. एका पावसाळी दिवशी चौघं डोंगराच्या कपारीत एकाच मगातून चहा पीत बसले होते. वर तोफा धडधडत होत्या. नाथाजी म्हणाला, "वाचलो तर जत्रेला भेटायचं रं. बकरं कापायचं, पोट फुटंस्तवर जेवायचं."

"व्हय, जत्रेलाच!" तिघं म्हणाले.

कुणाच्या गावच्या जत्रेला, ते कुणी विचारलं नाही. विचारायचं सुचणार तरी कसं? प्रत्येकाच्या जन्मात जत्रा एकच, आपल्या गावची.

लढाई संपली. चौघंही धडधाकट परतले. पहिल्या चैत्रात चौघांनी आपापल्या गावी बकरं कापलं आणि उरलेल्या तिघांची वाट बघत बसले. आकाराम वेशीवर जाऊन उभा. रस्सा निवला, पुन्हा तापवला, पुन्हा निवला. शेवटी रागारागानं तो चौघांच्या वाटचं एकटाच जेवला, आणि पुढं बरेच दिवस पोट धरून कण्हत होता. तिकडं तिघांचीही हीच गत. 'लढाई सरली तशी दोस्तीबी सरली' म्हणून चौघांनी मनात अढी धरली. एकानं दुसऱ्याची खुशाली विचारली नाही. पुढचा चैत्र रुसव्यातच गेला.

मी तोवर खुंटीला. आकारामच्या आईनं, हरणाबाईंनी, माझ्यात वाळल्या मिरच्या भरून ठेवल्या होत्या. मग गोदी जन्मली आणि माझं नशीब फिरलं.

गोदीची आई राही. हिला काळजी करायला कारण लागत नाही. पोर झोपली की "इतकी का झोपलीया?" आणि जागी असली की "झोपत का न्हाई?" आमच्याकडं जुन्या लुगड्याची झोळी बांधतात. राहीला रात्रंदिवस वाटे, लुगडं फाटेल. हरणाबाई म्हणायच्या, "आगं, तुझा नवरा लुगड्यातच वाढला. पडला का?" राही आकारामकडं बघायची आणि तिला खात्री वाटायची नाही.

म्हणून तिनं मला खुंटीवरून काढलं. मिरचीचा ठसका जाईस्तोवर नदीवर नेऊन आपटलं. मग स्वतःचं तोंड माझ्यात घालून बराच वेळ बसली, डोळे चुरचुरतात का बघायला. मग शिवण उसवून मला उघडी केली, दोन्ही टोकांना दोर बांधले आणि आढ्याला टांगलं. पहिल्यांदा माझ्यात पाटा ठेवला. मग पाट्यावर वरवंटा. तरी मन भरेना, तेव्हा आकारामला बसवलं. मी टिकले. आढ्यावरची धूळ तेवढी हरणाबाईंच्या कालवणात पडली.

सगळं सुरळीत होतं, तेवढ्यात काश्मिरातल्या लढाईच्या बातम्या येऊ लागल्या. शेजारच्या गावचे दोघे जुने शिपाई पुन्हा पलटणीत गेले. झालं! राहीचा जीव माझ्यासारखाच टांगणीला लागला. रस्त्यावर बूट वाजले की ती दारात येऊन बघायची, आपल्या नवऱ्याला कुणी न्यायला तर आलं नाही ना.

आणि एके सकाळी बूट खरंच दारात आले. नाथाजी, तात्याबा, दादासो! कऱ्हाडच्या बैलबाजारात तिघं एकमेकांना आडवे आले, हातघाईवर आले, आणि भांडता भांडताच कळलं की तिघांनीही वाट बघितली होती. मग हवालदारानं दोघांना रांगेत घेतलं आणि थेट आकारामच्या घरी आणलं, भेटीचं नीट ठरवायला.

हरणाबाईंनी उंबऱ्यातच बजावलं, "पोर निजलीया. कुणी वरडला तर चुलीतलं लाकूड हाणीन. मग हवालदार असा न्हाईतर लाटसाहेब."

तेव्हा चौघं माझ्याखाली बसले आणि कुजबुजत बोलू लागले. मला झोका द्यायची दोरी आकारामच्या हाती होती.

"या चैत्रात चुकायचं न्हाई," नाथाजी म्हणाला. "समदी माझ्या गावाला यायची."

"का? तुमी हवालदार म्हणून?" तात्याबा फुसफुसला. "हुद्दा तिकडं इटलीत ऱ्हायला. माझ्या बायकूनं जत्रेला तीनदा रस्सा तापवला हुता. आधी माझ्याकडं."

"माझ्या गावानं मला वर्सभर चिडिवलंय गड्या, 'तुझं दोस्त कुठं हायत?' म्हणून," आकाराम म्हणाला. "आधी हितं या."

"मला कुठंबी चालंल," दादासो म्हणाला. "पर आधी माझ्याकडं."

भांडण पेटलं. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, आवाज मात्र देवळातल्यासारखा. आकाराम तापला की माझा झोका मोठा व्हायचा, वरमला की लहान. मध्येच गोदीनं कूस बदलली. नाथाजीनं झटकन हात वर केला, शत्रूचा पहारा जवळ आला की करायचा तसा. चौघं थिजले. दादासोच्या तोंडात गुळाचा खडा होता, तो त्यानं चघळायचा थांबवला. गोदी पुन्हा घोरू लागली. हात खाली आला, भांडण पुढे सुरू.

"एक ध्येनात ठिवा," नाथाजी म्हणाला. "जागा कंचीबी असू दे, जो तो आपलं किट घेऊन यील. थाळी, मग, कांबळं. घरच्या बाईवर भार नगं."

चुलीपाशी बसलेल्या राहीच्या कानात तेवढा 'किट' शिरला. हात पिठाचे, तशीच ती बाहेर आली.

"किट मिळायचं न्हाई," ती म्हणाली. "किटात लेक निजलीया."

सगळ्यांनी वर बघितलं. माझ्या कुशीवर आकारामचा पलटणीतला नंबर अजून वाचता येतो. नाथाजीनं तो पुटपुटत वाचला.

"भावजी, खरं सांगा. जत्रंचं निमित्त करून ह्यास्नी परत न्यायला आलायसा न्हवं?"

 मिशीकडं निघालेला हात नाथाजीनं खाली घेतला. "खोटं बोलत न्हाई, वैनी. मला बोलावणं आलंया. जत्रा झाली की मी जाणार. एकट्याला जायचं जिवावर आलंय. आकारामला इचारीन म्हणत हुतो."

राहीनं माझा काठ घट्ट धरला. तिची पिठाची बोटं माझ्यावर उमटली.

आकाराम दोरी ओढतच होता. त्यानं माझ्यात डोकावून बघितलं. मग म्हणाला, "ही दोरी मी सोडली की पोर उठती, हवालदार."

"म्हंजी काय?"

"म्हंजी मी येत न्हाई."

"आरं, दोरी काय कुणीबी वडंल! आण हिकडं." नाथाजीनं दोरी घेतली आणि कवायतीच्या चालीवर ओढायला लागला. लेफ्ट, राइट. लेफ्ट, राइट. राइटला माझं डोकं खांबाला लागलं आणि गोदीनं असा टाहो फोडला की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं.

मग काय सांगू! तात्याबा खेचराला चुचकारावं तसा "च्यक च्यक" करू लागला. दादासोनं अर्धवट चघळलेला गूळ पुढं केला, तो राहीनं त्याच्या हातातूनच उडवला. नाथाजीला काहीच सुचेना, तेव्हा सवयीनं तो गरजला, "खामोश!" गल्लीतली सगळी कुत्री भुंकू लागली. हरणाबाई जळतं लाकूड घेऊन बाहेर आल्या. इटलीत ज्यांनी डोंगर सोडला नाही ते तिघे शिपाई कडब्याच्या गंजीआड जाऊन लपले.

आकारामनं दोरी हातात घेतली. दोन-चार झोके दिले. गोदी हुंदके देत देत झोपली.

गंजीआडून हवालदाराचा बारीक आवाज आला, "बरुबर हाय गड्या. तुझी ड्युटी हितंच लागलीया."

राही मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता थोडं रडलीही, पण ते धुराच्या नावावर खपलं. मग तिनं विचारलं, "आवं, तुमच्या चौघांच्या जत्रा एकाच दिवशी हायत व्हय?"

"न्हाई. येगयेगळ्या."

"मग चारीबी जेवा की!"

 एक तारीख, एक जागा, एक हुकूम, या सवयीत त्यांना हे सुचलंच नव्हतं. ज्याची जत्रा आधी, तिथं आधी. दादासोच्या डोळ्यांत पाणी आलं. "चार बकरी!" तो म्हणाला, पण एकदम हळू.

निघताना नाथाजी राहीच्या नजरेला नजर देईना. तिनंच त्याला अंगणात गाठलं. "भावजी, तिकडं लय गारठा असंल. पायमोजं जादा घ्या. वलं कापड अंगावर ठिवू नगा. उपाशी राहू नगा. आन पोचलासा की खुशाली कळवा." नवरा सुटला तर बाईला हवालदाराची काळजी लागली! साहेबांना न भिणारा नाथाजी नुसता मान हलवत होता. "व्हय वैनी. व्हय."

"आन फुडल्या चैत्रात जेवायला आला न्हाईसा, तर मी रुसंन. लय रुसंन."

नाथाजीनं पटक्याच्या शेवानं नाक पुसलं आणि पाठ फिरवून चालू लागला. बराच लांब जाईपर्यंत त्याचं पाऊल कवायतीचं पडत नव्हतं.

चैत्र आता जवळ आलाय. माझा एक काठ विरलाय, राहीनं त्याला दुहेरी टीप मारलीय आणि रोज ओढून बघते. चारी जत्रांना मीही जाणार आहे. समुद्र ओलांडलेली मी, आता गाठोडं होऊन, पोटात लंगोट आणि दुपटी घेऊन आकारामच्या खांद्यावरून निघणार. मला त्याची लाज नाही.

तुमच्या घरी खुंटीला माझ्यासारखी एखादी असेल, तर तिची शिवण उसवा आणि आढ्याला टांगा. दोर तेवढा राहीला तपासू द्या. नाथाजीची किटबॅग अजून शिवलेलीच आहे, जत्रा झाल्या की ती लढाईवर जाईल. तीही लवकर घरी येवो, आणि कुणीतरी तिला कात्री लावो.